प्लास्टरवरचे अकरा रंग

मी जे केलं ते हिच्या हाडांसाठी केलं, एवढं आधीच सांगून ठेवतो. आमच्या जिन्यात सध्या या प्रकरणाची वेगळीच हकिकत फिरते आहे. मी बायकोच्या प्लास्टरवर रंगकाम केलं, स्वयंपाकघराची भिंत कायमची जांभळी केली आणि हिची वाचा बसवली, असं तीत सांगतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण लोक त्या क्रम सोडून सांगतात, आणि क्रम सोडला की चांगला शहाणा माणूसही खुळा दिसतो.

ही पडली ती वीतभर उंचीच्या स्टुलावरून. पडदा अडकवत होती. मी शेजारच्या खोलीतून "जपून" म्हणालोसुद्धा, पण ते ती पडल्यानंतर. डावं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या आहेत. त्यांनी प्लास्टर घातलं, आणि एवढ्याशा उंचीवरून पडून हाड मोडतं म्हणजे काय, म्हणून हाडांच्या घनतेची तपासणी करायला लावली. निकाल आला की हाडं विरळ झाली आहेत. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, व्यायाम सांगितला आणि शेवटी म्हणाल्या, "मी सांगेपर्यंत तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही."

"आणि नात?" हिने विचारलं.

"किती महिन्यांची?"

"पाच."

"वजन?"

"सहा किलो चारशे." ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आमच्या घरात अंदाजे असं काही नसतं.

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. "सध्या नाही," त्या म्हणाल्या.

आमची मुलगी फार लांब राहते. बाळंतपणाच्या वेळी हिच्या शाळेत परीक्षा होत्या आणि मला कारखान्यातून रजा मिळाली नाही, त्यामुळे नातीला आम्ही दोघांनी अजून फोनवरच पाहिलं होतं. एकदाही हातात घेतलेलं नव्हतं. चार महिन्यांनी मुलगी तिला घेऊन येणार होती. त्या दिवशी घरी आल्यावर ही उजव्या हाताने कागदावर बराच वेळ काहीतरी मांडत बसली. मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "येईल तेव्हा ती आठच्या वर असेल. मी तीनवरच." आणि उठून आत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात गणित चुकलं नाही म्हणून ती पहिल्यांदाच रडत होती. मी त्याच क्षणी ठरवलं की चार महिन्यांत हिची हाडं ठणठणीत करून दाखवायची.

कशी करायची ते मला तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये वर्तमानपत्रातून समजलं. गाजर, भोपळा, टोमॅटो, पालक, जांभळी द्राक्षं, यांच्यात जी रंगद्रव्यं असतात त्यांचा हाडांच्या आरोग्याशी संबंध असू शकतो, असं त्यात लिहिलं होतं. मी तीस वर्षं कापड कारखान्याच्या रंगखान्यात रंगमास्तर आहे. रंगद्रव्य हा शब्द वाचला आणि उरलेला लेख मी आमच्या खात्याचं परिपत्रक असावं तशा अधिकाराने वाचला. 'असू शकतो' या शब्दांकडे मी दुर्लक्ष केलं. रंगखान्यात 'निळा येऊ शकतो' असं म्हणणारा माणूस दुपारपर्यंत टिकत नाही.

शिवाय मला एक गोष्ट ठाऊक होती, जी लेख लिहिणाऱ्याला ठाऊक नसावी. मी कामाला लागलो तेव्हाच्या म्हाताऱ्या उस्तादांनी सांगितलं होतं की मंजिष्ठेच्या जातीच्या लाल मुळ्या जनावराने खाल्ल्या तर त्याची हाडं लाल होतात. म्हणजे खाल्लेला रंग हाडाला चढतो. आता एकदा रंग चढायचं म्हटलं की पुढचं सगळं माझ्या हातचं. आधी शेड ठरवायची, मग रंगपाण्याचं तापमान, मग वेळ, मग रंग पक्का आहे की सुटतो ते पाहायचं. डॉक्टर लोकांना यातलं काय कळणार, असं मी मनात म्हणालो. ते मनातच म्हणालो हे बरं झालं.

रंगखान्यात कुठलाही प्रयोग करताना एक तुकडा न रंगवता बाजूला ठेवतात. त्याला कोरा नमुना म्हणतात. रंगवलेल्या तुकड्यात काय फरक पडला हे कशाशी तरी ताडून पाहावं लागतं. आमच्या घरात कोरा नमुना व्हायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तेव्हा मी चार महिने फक्त पांढरं खायचं ठरवलं. पाव, बटाटा, भात, साखर.

"सोयीचा नमुना आहे," ही म्हणाली. मला भाज्या आवडत नाहीत ही गोष्ट खरी आहे, पण तिचा या निर्णयाशी संबंध जोडणं हा निव्वळ आकस होता.

पहिल्या रविवारी मी मोठं पातेलं, कारखान्यातला जुना थर्मामीटर आणि जांभळा कोबी घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो. जांभळा कोबी हा फार मानी रंग आहे. लिंबू पिळलं तर गुलाबी होतो, खाण्याचा सोडा पडला तर निळा. मला गुलाबीही नको होता आणि निळाही नको होता, म्हणून मी दोन्ही थोडं थोडं घातलं. पुढे काय होईल हे कुठल्याही शाळकरी पोराने सांगितलं असतं, आणि हिनेही सांगितलं, पण दारातून आणि उशिरा. पातेलं फसफसून वर आलं, झाकण उडालं आणि छतापासून ओट्यापर्यंत भिंतीवर एक जांभळा पट्टा उमटला. तो पुसताना माझ्या लक्षात आलं की रंग पक्का आहे. मला आनंद झाला. ही भिंतीकडे पाहत होती, तिला आनंद झाल्यासारखा वाटला नाही.

झाकणाचा आवाज ऐकून शेजारचे ड्रिलसर आले. ते शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी अजून काढलेली नाही. त्यांनी सगळा प्रकार ऐकून घेतला आणि म्हणाले, "मास्तर, हाड आळशी असतं. त्याला हादरा द्यावा लागतो. वहिनींना रोज सकाळी जिना चढवा, उन्हात उभं करा, टाचा आपटायला लावा. रंगबिंग काही कामाचा नाही."

मी त्यांना म्हटलं, "सर, तीस वर्षं मी रंगात आहे."

"म्हणूनच सांगतो," ते म्हणाले. यात म्हणूनच काय ते मला आजवर कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ही सकाळी त्यांच्या शिट्टीवर चार मजले चढउतार करायला लागली. मी हरकत घेतली नाही. प्रयोगात थोडीफार भेसळ चालते.

आता प्लास्टरचं. कुठला रंग पक्का बसतो हे पाहायला पांढरा, कोरा, सच्छिद्र पृष्ठभाग लागतो. कारखान्यातून पांढऱ्या कापडाचे तुकडे आणता आले असते, पण हाडाच्या सगळ्यात जवळ काय होतं? प्लास्टर. ही आरामखुर्चीत बसून वह्या तपासायची आणि मी तिच्या डाव्या हाताशी स्टूल घेऊन बसायचो. गाजर, भोपळा, टोमॅटो, बीट, पालक, डाळिंब, लाल मिरची, जांभळी द्राक्षं, संत्रं, आंबा आणि कोबी, असे अकरा चौकोन मी मनगटापासून कोपरापर्यंत काढले, प्रत्येकाखाली आकडा घातला आणि दर दोन दिवसांनी ओल्या कापसाने घासून वहीत नोंद ठेवली.

"मुलांनी आज वर्गात विचारलं, हे काय आहे," ही एका संध्याकाळी म्हणाली.

"मग काय सांगितलंस?"

"नवरा आहे म्हटलं."

नोंदी मात्र निराशाजनक होत्या. अकरातले आठ रंग सुटत होते. मी रात्रंदिवस विचार केला आणि स्वतःच्या विसरभोळेपणावर कपाळाला हात लावला. तुरटी राहिली होती. कापडाला रंग नुसता चढवून चालत नाही, तो धरून ठेवायला आधी तुरटीचं पाणी द्यावं लागतं. जे कापडाला तेच हाडाला. दुसऱ्या दिवशी मी हिच्या गाजराच्या रसात चमचाभर तुरटीची पूड घातली. तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने प्यायला नसता, आणि मग निष्कर्ष निघाला नसता.

तिने तो एका दमात प्यायला. नकोसं काही घ्यायचं असलं की ती असंच करते. पुढच्याच क्षणाला तिचं तोंड आतल्या बाजूला ओढलं गेलं, गाल बसले आणि ओठ एका बाजूला गेले. बोलायला गेली तर नुसताच श्वास बाहेर आला. नेमका तेव्हाच मुलीचा फोन आला, चेहरा दिसणारा. मी शेजारीच पाव खात बसलो होतो, तसाच हिच्यापुढे फोन धरला. असं का केलं हे मला नंतर अनेकांनी विचारलं. सवय, दुसरं काय.

मुलीने आईचं तोंड पाहिलं आणि फोन बंद केला. मला वाटलं, घाईत असेल. पण तिने तिकडून ड्रिलसरांना कळवलं की आईला झटका आलाय, तोंड वाकडं झालंय, बोलता येत नाहीये आणि बाबा शेजारी पाव खात बसलेत. ड्रिलसरांनी जिन्यात उभं राहून शिट्टी वाजवली. पाच मिनिटांत आमच्या दिवाणखान्यात चारही मजले गोळा झाले. कुणी हिचे तळवे चोळत होतं, कुणी तिला हसून दाखवायला सांगत होतं, खालच्या शिंपीणबाई तिच्या डोळ्यांपुढे टेप हलवून पाहत होत्या. ही सगळ्यांकडे शांतपणे बघत होती. वीस मिनिटांनी तिला पहिला शब्द उच्चारता आला. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तुरटी."

लोक एकेक करून निघून गेले. जाताना माझ्याशी कुणी बोललं नाही. ही मात्र बोलली, आणि पुष्कळ बोलली. मी ते इथे लिहीत नाही. शेवटचं वाक्य तेवढं सांगतो. "तुम्हाला वाटतं मला नातीला उचलायची नुसती हौस आहे? मला भीती वाटते हो. ती हात पुढे करेल आणि मी करणार नाही, तर तिला काय वाटेल?"  तुरटी मी कायमची बंद केली.

प्लास्टर काढायचा दिवस आला. दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या बाई हिचा हात पाहून म्हणाल्या, "नातवंडांनी रंगवलं वाटतं." हिने मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी मात्र आकडे वाचले, चौकोन पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. मी वही पुढे केली. त्यांनी ती वाचली, हे त्यांच्याबद्दल मुद्दाम सांगायला हवं. मग त्यांनी हिचा उजवा तळवा उलटा केला आणि विचारलं, "हा पिवळा कधीपासून?"

मी वाकून पाहिलं. तळवा पिवळा होता. चांगला पिकल्या भोपळ्याच्या जवळपासची शेड.

"दहा दिवस झाले असतील," ही म्हणाली.

"गाजर जास्त झालं की होतं, कमी केलं की जातं. काळजीचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुम्ही रंगमास्तर ना?"

तीस वर्षांत दोन निळ्यांमधला फरक दिव्याखाली नुसत्या नजरेने सांगत आलोय. कारखान्यात त्यासाठी मला शेजारच्या खात्यातून बोलावणं येतं. आणि घरात रोज समोर बसणाऱ्या बायकोची शेड बदललेली मला दिसली नाही. 

जुळलेलं मनगट पाहायला एक्स-रे काढला. तिथल्या माणसाला मी हळूच विचारलं, "हा रंगीत काढता येईल का?" तो म्हणाला, "एक्स-रे काळा-पांढराच असतो." मी म्हटलं, "मग हाडाला रंग चढला की नाही हे कसं समजणार?" तो बाहेर जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावून घेऊन आला.

त्यांनी मला समोर बसवलं. "काका, भाज्यांतले रंग शरीरातली झीज थोडी कमी करत असतील. अभ्यास चालू आहेत, पक्कं कुणी सांगत नाही. म्हणून रंगीबेरंगी भाज्या खा, थोड्या तेलाबरोबर, म्हणजे अंगी लागतात. पण ते हाडाला चढत नाहीत."

मी मंजिष्ठेचं सांगितलं.

"ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "हाडं लाल होतात. बळकट होत नाहीत. मला सांगा, कापड रंगवल्यावर जास्त मजबूत होतं का?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कापड रंगवल्याने तसूभरही मजबूत होत नाही. जास्त वेळ उकळलं तर उलट विरतं. हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे, नवीन कामगारांना मीच शिकवतो. त्यांच्या टेबलावर उघडी पडलेली वही मी मिटली आणि ती परत मागितली नाही.

तरीही नात येण्याआधी तपासणी पुन्हा करावी असा मी आग्रह धरला. चार महिन्यांत आकडा हलत नाही, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. पण हिला कुणीतरी 'उचल' म्हणायला हवं होतं, आणि त्यासाठी कागद हवा होता. त्यांनी शेवटी चिठ्ठी लिहून दिली. ती घेऊन मी कारखान्याच्या वैद्यकीय निधीच्या खिडकीवर गेलो.

कारकुनाने चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली. "दोन वर्षं झाल्याशिवाय दुसरी तपासणी नाही. नाहीतर नवीन फ्रॅक्चर दाखवा."

"नवीन फ्रॅक्चर होऊ नये म्हणूनच तपासायचंय."

"मग ते प्रतिबंधक झालं. प्रतिबंधक त्या खिडकीवर."

त्या खिडकीवरच्या बाई पाय मोडल्यामुळे रजेवर होत्या. मी पुन्हा पहिल्या खिडकीवर आलो. कारकुनाला माझी दया आली असावी. त्याने नियमांची फाईल काढली, बोट फिरवत फिरवत सतराव्या पानावर थांबला आणि म्हणाला, "एक आहे. कर्मचारी स्वतः तपासणी करून घेत असेल तर सोबत अवलंबिताची होते. जोडीने करा."

मी लगेच हो म्हटलं. कोऱ्या नमुन्याची तपासणी तर शास्त्रशुद्ध पद्धतीत बसणारीच होती. आम्ही दोघं आळीपाळीने त्या यंत्राखाली झोपलो आणि दोन दिवसांनी दोन पाकिटं घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर बसलो.

त्यांनी हिचा कागद आधी वाचला. "आकडा तसाच आहे. घसरला नाही, हे चांगलं. मनगट छान जुळलंय, गोळ्या वेळेवर चालू आहेत, तोलही सुधारलाय. जिना कोण चढवतं तुम्हाला?"

"आमचे ड्रिलसर," ही म्हणाली.

"त्यांना सांगा, चालू ठेवा. नातीला घ्यायला हरकत नाही. जमिनीवरून वाकून उचलू नका. पलंगावरून घ्या, दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून."

हिने पुन्हा विचारलं, "घेऊ ना?"

"घ्या."

ही पर्समध्ये रुमाल शोधायला लागली, आणि तो हातातच होता. मला इतकं हलकं वाटलं की मी डॉक्टरीणबाईंना चहाचं विचारलं. त्या तोवर दुसरा कागद वाचत होत्या.

"हा कुणाचा?"

"माझा. तो नुसता ताडून पाहायला," मी म्हणालो.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "काका, तुमची हाडं यांच्यापेक्षा विरळ आहेत. बरीच."

"पुरुषांना होतं हे?"

"हाडं पुरुषांनाही असतात."

"मी चार महिने पाव खाल्ला, त्यामुळे असेल."

"चार महिन्यांत एवढं होत नाही. वर्षानुवर्षं लागतात." मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. रंगखान्याला खिडक्या आहेत का, दुपारी जेवता की नुसता चहा घेता, भाजी कधीपासून खात नाही, कारखान्याखेरीज चालणं किती. प्रत्येक उत्तर माझ्याऐवजी ही देत होती, आकड्यांसकट. शेवटी त्यांनी गोळ्या लिहिल्या, व्यायाम लिहिला आणि पेनाला टोपण लावलं. "मी सांगेपर्यंत तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही."

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. चार महिने घरात हिच्या हाडांची चर्चा चालली होती. नातीला मी उचलणार की नाही, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच नव्हता, माझ्याही नाही. मी उचलणार हे ठरलेलंच होतं. मला ती किती हवी होती हे मी कुणाला बोललो नव्हतो, कारण बोलायची वेळच आली नव्हती.

मुलगी आली त्या दिवशी सगळा जिना खाली उभा होता. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने बाळ आधी माझ्यापुढे धरलं. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"त्यांना नको देऊस," ही चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "त्यांना तीन किलोच्या वर चालत नाही. इकडे दे." आणि तिने नातीला दोन्ही हातांनी घेतलं, अंगाजवळ धरलं. नातीने तिचा चष्मा ओढला. ही हसत होती आणि रडत होती आणि चष्मा सोडवायला तयार नव्हती. ड्रिलसर शिट्टी तोंडात धरून, न वाजवता, तिच्या मागोमाग एकेक पायरी चढत होते. बॅग मी उचलायला गेलो, तर मुलीने ती काढून घेतली. शिंपीणबाईंनी छत्री घेतली. माझ्या वाट्याला नातीची टोपी आली. ती घेऊन मी सगळ्यांच्या मागून वर गेलो.

वर गेल्यावर मी आरामखुर्चीत बसलो. कुणी काही म्हणायच्या आत ही आली, माझे गुडघे जवळ करायला लावले आणि नातीला माझ्या मांडीवर ठेवलं. ठेवलं तिनेच, मी उचललं नाही. आठ किलो दोनशे. नातीने माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या शर्टाचं वरचं बटण तोंडात घातलं आणि पाठ टेकून बसली.

"डॉक्टरांना विचारलं होतं का तुम्ही," हिने थोड्या वेळाने विचारलं, "मांडीवर किती चालतं ते?"

"नाही," मी म्हणालो.

"विचारायचं का?"

मी नातीभोवती दोन्ही हात धरले. "नको," मी म्हणालो. "राहू दे."